आधी डीपी, मग भाकरी

किस्से काही कुणी मुद्दाम जमवत नाही. घासलेल्या ताटल्या एकावर एक बसत जातात तसे ते आपोआप बसत जातात, आणि एक दिवस वरची ताटली सरकली की सगळ्यांचा मिळून आवाज होतो. आमच्या गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचं तसंच झालंय. परवा माढ्याहून माझी नणंद आली होती. तिला एक सांगायला गेले तर पाठोपाठ सगळेच बाहेर पडले, आणि गॅसवरचं दूध उतू गेलं. म्हणून आता गॅस बंद करून बसलेय.

ग्रुपचं नाव ‘पाणी आलं का’. आमच्याकडं नळाला रोज पाणी येत नाही. चार दिवसांनी येतं, कधी पाच, आणि वेळेचं तर बोलूच नका. गल्लीच्या तोंडाशी अंबादासभाऊ राहतात, घरात टॉवेलचे माग आहेत. त्यांच्या नळाला सगळ्यात आधी पाणी येतं, म्हणून त्यांनीच हा ग्रुप काढला. नियम एकच. पाणी आलं की त्यांनी ‘आलं’ लिहायचं, बाकीच्यांनी अंगठा दाखवायचा आणि मोटर लावायची.

पहिला आठवडा तसंच चाललं. पण एका पाण्यापासून दुसऱ्या पाण्यापर्यंत चार दिवस ग्रुप रिकामा. रिकाम्या भांड्यात माणूस काहीतरी भरतोच. एकानं सुप्रभात भरलं, दुसऱ्यानं देशाचं कुठं चुकतंय ते भरलं, तिसऱ्यानं दुधी भोपळ्याचा रस. अंबादासभाऊ बिचारे लिहायचे, ‘ग्रुपवर फक्त पाणी.’ त्याच्याखाली लगेच कुणीतरी पाणी उभ्यानं प्यावं की बसून, याच्यावर मत टाकायचं.

मी शोभा. गल्लीत शोभाकाकू. शिक्षण दहावीपर्यंत, पुढं गणितानं जाऊ दिलं नाही. मालक नवी पेठेत चादरीच्या दुकानात असतात, घरी मी आणि शिलाई मशीन. मशीन खिडकीपाशी आहे कारण उजेड तिथंच येतो. आता त्या खिडकीतून समोर शिवाण्णांचा उंबरा आणि त्याला लागून पवार सरांचं फाटक दिसतं, त्याला मी तरी काय करणार?

*

शिवाण्णा, म्हणजे गल्लीचे अण्णा, होटगीला रेल्वेत होते, रिटायर झाल्यावर इथं घर बांधलं. घरात कानडी, गल्लीत मराठी, आणि चिडले की दोन्ही. पवार सर हायस्कूलला सायन्स शिकवायचे. दोघांचे पक्ष वेगळे. कुठला कुणाचा ते मी सांगत नाही, मला दोन्ही घरचा चहा प्यायचाय.

दोघं रोज सकाळी बरोबर फिरायला जायचे. दोघांत एकच पेपर. येताना बाहेरची पानं एकाकडं, आतली दुसऱ्याकडं. वाद तेव्हाही घालायचे. पण चालताना दम लागतो, त्यामुळं वाद आपोआप तुटायचा. ग्रुपवर दम लागत नाही, तिथंच घोटाळा झाला.

एकदा गल्लीतली गटार तुंबली. अण्णांनी फोटो काढून टाकला आणि लिहिलं, ‘ही तुमच्या लोकांच्या काळातली कामं.’ सरांनी लिहिलं, ‘पाइप तुमच्या लोकांच्या काळात बदलला.’ सकाळच्या चहाला सुरू झालेलं दुपारचं जेवण झालं तरी चालू. इकडं घाण पाणी माझ्या पायरीला लागलं. मी दर पाच मिनिटांनी एकदा पायरी बघायची, एकदा फोन बघायची; दोन्ही वरच चढत होतं.

शेवटी अंबादासभाऊ मागावरून उठले, बांबू घेऊन आले, आतून ही एवढी प्लास्टिकची पिशवी ओढून काढली. ग्रुपवर लिहिलं, ‘निघाली.’

अण्णांनी खाली लिहिलं, ‘आमच्या नेत्यांच्या पाठपुराव्याला यश.’

सरांनी लिहिलं, ‘पुरावा द्या.’

अंबादासभाऊ तेव्हा माझ्या दारात हात धूत होते.

*

मग कुणीतरी टाकलं की जेवताना फोन जवळ असला तर त्याच्या किरणांनी अन्नातलं सत्त्व मरतं, म्हणून फोन धातूच्या भांड्याखाली झाकावा. बाकीच्यांनी वाचून सोडून दिलं. अण्णांनी पितळी पातेलं काढलं.

अण्णांच्या बायकोचं नाव गौराक्का. शांत बाई. ती ताट वाढायची, अण्णा फोनवर पातेलं पालथं घालायचे आणि वर वरवंटा ठेवायचे, मग पहिला घास. नेमकं एके दुपारी त्याच वेळी पाणी आलं. अंबादासभाऊंनी ‘आलं’ लिहिलं. अण्णांचा अंगठा येईना म्हणून फोन लावला. पातेलं घुंघुं वाजायला लागलं.

अण्णा म्हणाले, “बघ गौरे, किरण कसे धडकायलेत.”

पातेलं वाजायचं थांबलं, आणि जेवण उरकून ते उचललं तेव्हा नळाचंही थांबलं होतं. पुढचे चार दिवस घरात प्यायला घागरभर पाणी नाही. गल्लीनं पाणी दिलं. मी कळशी दिली, मागच्या घरातल्या शबानाभाभींनी दोन कॅन आणून दिले, सरांनी स्वतः बादली उचलून आणली. इथपर्यंत सगळं छान होतं.

बादली ठेवताना सरांनी अण्णांच्या कानात सांगितलं असतं तर मिटलं असतं. पण सर घरी गेले आणि ग्रुपवर लिहिलं, ‘अण्णा, हे शास्त्र नाही. फोनच्या लहरींनी भाकरीतलं काहीही मरत नाही.’ ऐंशी माणसांच्या पुढं. अण्णांनी उत्तर दिलं, ‘तुमचं शास्त्र तुमच्या पक्षाला शिकवा.’

दुसऱ्या दिवसापासून अण्णा रस्त्याच्या डाव्या कडेनं फिरायला जायला लागले, सर उजव्या. गल्लीत एक पेपर वाढला.

*

ग्रुपवरची मतं अण्णा पूर्वी वाचून हसायचे. आता हसणं गेलं. पोस्ट आली की आधी टाकणाऱ्याचा डीपी उघडायचे. डीपीत त्यांच्या पक्षाचा झेंडा दिसला की ती आज्ञा. आधी डीपी, मग पदार्थ.

भात सोडला, कारण ‘भातानं माणूस सुस्त होतो आणि सुस्त माणसावर दुसरे राज्य करतात.’ चहा सोडला, कारण तो परक्यांनी लावलेली सवय. भुईमुगाच्या शेंगा सोडल्या, गूळ सोडला, ताक सोडलं. कडक भाकरी सोडली, ती चावताना म्हणे डोक्याची शीर ताणते. आता कडक भाकरीवर वाढलेला माणूस तो! गव्हाचं सोडलं तेव्हा टाकणाऱ्यानं कारणही दिलं नव्हतं, नुसता झेंडा होता.

ताटात राहिला उकडलेला दोडका. सदरा अंगात असा हलायचा, जसा दोरीवर वाळत घातलाय. गौराक्का माझ्याकडं येऊन मशीनशेजारी बसायची.

“एन माडली गं शोभा, काय करू मी? सकाळी उठलं की पहिला विचार, आज काय करायचं न्हाई. चूल माझी, पण चालवतोय ह्यांचा पक्ष.”

मी म्हणलं, “अक्का, भूक लागली की खातील.”

“भुकेचा डीपी कुठंय?” गौराक्का म्हणाली.

आम्ही दोघी हसलो. पण त्यात हसण्यासारखं राहिलं नव्हतं. अण्णांना हर्नियाचा त्रास होता. चालताना पोटाला हात लावून चालायचे. ऑपरेशन ठरवायला गेले तर डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि नाहीच म्हणाले. अंगात रक्त कमी, ते भरल्याशिवाय हात लावणार नाही. आणि फार दिवस लांबवायचंही नाही, आतडं अडकलं तर मग पळापळ. गोळ्या दिल्या आणि बजावलं, नुसत्या गोळ्यांनी होणार नाही, सगळं खायचं. भाकरी, डाळी, पालेभाज्या, शेंगा, गूळ, सगळं.

रिक्षातून उतरल्यावर मी विचारलं, “काय म्हणले डॉक्टर?”

अण्णा म्हणाले, “म्हणतेत सगळं खा. पण डॉक्टर एकटाच हाय की. ग्रुपवर ऐंशी जण हायत.”

*

तेव्हापासून माझं मशीनवर लक्ष लागेना. सुईत दोरा ओवायची आणि समोर बघायची. अण्णा उंबऱ्यावर बसलेले, हात पोटावर, नजर फोनवर. फोन टुंग वाजला की त्यांच्या आधी मी दचकायची. आता काय सोडतात?

पुण्याहून त्यांच्या मुलानं व्हिडिओ कॉल केला. रागावला, हात जोडले. अण्णा शांतपणे म्हणाले, “तुझ्या डीपीत गुलाबाचं फूल हाय. फुलाचं काय ऐकायचं?” सून म्हणाली, मी झेंडा लावते. अण्णा म्हणाले, “मनापासून लावणार असशील तर लाव.”

शबानाभाभींनी दारात उभं राहून सुनावलं, “अण्णा, खाको मरे सो लोगां कम देखी मैं. नै खाको मरे सो जास्ती देखी.”

अण्णा हसले. हसता हसता पोट धरलं आणि भिंतीला टेकून बसले. भाभींच्या डोळ्यांत पाणी आलं, त्या पदर सारखा करत निघून गेल्या.

त्याच आठवड्यात सरांनी ग्रुपवर एक साधं वाक्य टाकलं होतं. ‘उन्हाळा आहे, चहा कमी प्यावा.’ बस. त्यात ना राजकारण ना काही.

समोरून आवाज आला, “गौरे, चहा टाक. मोठा.”

मी मान वर केली. कित्येक महिने ज्या घरात चहाची पूड उघडली नव्हती, त्या घराचा मालक कपबशी घेऊन उंबऱ्यावर आला, सरांच्या फाटकाकडं तोंड करून बसला आणि बशीतून असा फुर्र करून प्यायला की फाटकावरची चिमणी उडाली. दुसराही कप घेतला. दूध घातलेला, साखर घातलेला.

मी त्या वेळी ब्लाऊज शिवत होते. ज्यांचा होता त्या अजून विचारतात, बाही गळ्याला कशी काय लागली.

*

तशीच उठून सरांकडं गेले. सर पेपर वाचत होते. मी म्हणलं, “सर, तुमी जे नको म्हणता ते अण्णा खातात. तेवढं भाकरी वाईट म्हणून लिहा.”

सरांनी चष्मा काढला. “बाई, आयुष्यभर पोरांना शिकवलं, सिद्ध झाल्याशिवाय बोलायचं नाही. आता मी लिहू, भाकरी वाईट? माझी शिकलेली पोरं आहेत त्या ग्रुपवर.”

“अण्णांचं ऑपरेशन अडलंय सर.”

“मला माहीत आहे.”

“कुणी सांगितलं?”

“कुणी सांगायला कशाला पाहिजे? सकाळी पलीकडच्या कडेनं चालतो तो. आधी दिव्याच्या दुसऱ्या खांबापर्यंत जाऊन थांबायचा, आता पहिल्यालाच थांबतो.” सर चष्मा पुसत बसले. पुसून झाला तरी पुसत होते. “पण खोटं नाही लिहिता येणार मला.”

मी म्हणलं, “खोटं कशाला? खरंच लिहा. फक्त तोंड वाकडं करून लिहा.”

सर बराच वेळ माझ्याकडं बघत राहिले. एवढं बघितलं असतं शाळेत कुणी माझ्याकडं तर मी गणितात निघाले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रुपवर आलं, ‘ज्वारीच्या भाकरीत पिष्टमय पदार्थ असतात. हे आपल्याला आजवर कुणी सांगितलं होतं का? जागे व्हा.’

समोर खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. “भाकरीवर उठलाय हा माणूस! गौरे, तवा ठेव.”

त्याच्या दुसऱ्या दिवशी, ‘शेंगदाण्यात तेल असतं. इतकी वर्षं आपण गप्प का?’

मग, ‘पालेभाजी मातीत उगवते. नीट विचार करा.’

मग, ‘गूळ उसापासून बनतो. उसामागे कोण आहे, हे जनतेला ठाऊक आहे.’

एक अक्षर खोटं नव्हतं. पण वाचताना माझ्यासुद्धा अंगावर काटा आला, आणि कट तर मीच केला होता. अण्णांनी ग्रुपवर फोटो टाकला. ताटात भाकरी, शेपूची भाजी, शेंगा चटणी, कडेला गुळाचा खडा. खाली लिहिलं, ‘आम्ही घाबरत नाही.’

गौराक्का समोर त्यांच्या खिडकीत आली. हाताला पीठ होतं. तिनं माझ्याकडं बघितलं, मी तिच्याकडं. तवा तापला होता, ती आत पळाली.

*

औषध एकाला दिलं तरी वास सगळ्या गल्लीत जातो. सरांच्या पोस्टी वाचून बाकीची माणसं हादरली. इतका शहाणा माणूस उगीच लिहील का? अंबादासभाऊंच्या आईनं गुळाचा डबा उचलून वरच्या फळीवर ठेवला. शेजारच्या गल्लीत आमच्या गल्लीचं नाव घेऊन शेपू सोडला.

सगळ्यात जास्त हाल सरांचे. त्यांना शेंगा चटणी आणि कडक भाकरी म्हणजे जीव की प्राण. त्यांच्या मिसेसना आमचं काही माहीत नव्हतं. त्या म्हणाल्या, “ऐंशी लोकांना जागं करता आणि घरात चटणी मागता? लोक काय म्हणतील?” सरांच्या ताटात दोडका आला.

एके दुपारी माझं मागचं दार हळूच वाजलं. सर उभे. हळू आवाजात म्हणाले, “बाई, भाकरी आहे का?”

मी त्यांना मशीनच्या मागं, खिडकीखाली बसवलं, म्हणजे समोरून दिसायचे नाहीत. कडक भाकरी दिली, चटणीवर दही घातलं. सरांनी मोठा तुकडा तोंडात घातला आणि तेवढ्यात पुढच्या दारात अण्णा.

“शोभा, हाय का घरात?”

सरांचा जबडा जागच्या जागी थांबला. कडक भाकरी चावली की दोन घरं ऐकू जाते. मी दाराच्या चौकटीत आडवी उभी राहिले.

अण्णांना कात्री पाहिजे होती. कात्री घेतली तरी जाईनात. “काय दिवस आलेत बघ. आज त्यानं डाळीवर लिहिलंय. डाळ! माणूस लई बिघडला.”

“व्हय अण्णा.”

“पूर्वी असा नव्हता. लई चांगला होता. माझ्या पायाला खडा लागला तर वाकून काढायचा.” अण्णा कात्रीची उघडझाप करत राहिले. “पण एक मानलं पाहिजे. सकाळी वेळेवर टाकतो. एक दिवस खाडा न्हाई.”

पाय ओढत, पण ताठ चालत अण्णा गेले. मी मागं वळून बघितलं. सरांचा गाल अजून फुगलेलाच, डोळे ओले. बऱ्याच वेळानं गिळलं.

“ठसका लागला का सर?”

“नाही,” सर म्हणाले. “विरघळली. कडक भाकरी न चावताही खाता येते, हे आज समजलं.”

*

रक्त परत तपासायला गेलो तेव्हा मी मुद्दाम बरोबर गेले. तसं माझं तिथं काही काम नव्हतं. डॉक्टरांनी रिपोर्ट उजेडात धरला, अण्णांची खालची पापणी ओढून बघितली, नखं बघितली.

“छान. आता करून टाकू. एवढ्यात एवढी सुधारणा? घरी काय दिलंत, मावशी?”

गौराक्का पदराला हात पुसत म्हणाली, “काय न्हाई साहेब. विरोधी पक्ष दिला.”

डॉक्टरांनी ते औषधाचं नाव समजून कंपनी विचारली.

*

ऑपरेशनच्या दिवशी ग्रुपवर एक अक्षर आलं नाही. सुप्रभात नाही, देश नाही, भोपळ्याचा रस नाही. त्यातच पाणी आलं. अंबादासभाऊंनी लिहिलं नाही, दारोदार फिरून कडी वाजवून सांगितलं. म्हणाले, “आज पयला मेसेज तिकडूनच येऊ दे.”

मी पाणी भरलं, पिंप भरलं, भरलेल्याच बादल्या परत भरल्या. मशीनवर बसले, उठले. सर फाटकातून बाहेर यायचे, गल्लीच्या टोकापर्यंत डाव्या कडेनं जायचे, उजव्या कडेनं परत यायचे. त्यांच्या मिसेस म्हणाल्या, “एवढा काय घोर लावून घेताय, तुमचं बोलणं तरी आहे का?” सर म्हणाले, “रोज सकाळी बोलतोय की.” त्यांना काही उलगडलं नाही.

ऊन कलल्यावर सगळ्या घरांत एकदम फोन वाजला. गौराक्काचा मेसेज. तिनं जन्मात कधी ग्रुपवर लिहिलं नव्हतं. ‘झालं. बोलायलेत.’

सरांनी उभ्या उभ्या अंगठा दाखवला. मग तो काढला. मग परत दाखवला. मग फोन खिशात घालून घरात गेले आणि बऱ्याच वेळानं तोंड धुऊन बाहेर आले.

*

अण्णा घरी आले. सरांनी काही टाकायचं कारण उरलं नव्हतं, त्यांनी थांबवलं. अंबादासभाऊंच्या आईनं गूळ खाली घेतला. ग्रुपवर फक्त पाणी.

एवढं सगळं नीट झालं तरी मला काही चैन पडेना. दोन पेपर येतच होते. एक समोर पडायचा, एक फाटकापाशी. अण्णांचं जेवण सुरू झालं, पण दोघांचं बोलणं काही सुरू झालं नाही. मध्ये पडून मी सरांना म्हणावं का अण्णांना, की दोघांना चहाला बोलवावं, असं माझं मशीनच्या चाकासारखं नुसतं फिरत होतं.

परवा सकाळी अण्णा काठी घेऊन उंबरा उतरले. मला वाटलं, डॉक्टरांनी सांगितलंय तसं दारापुढं चार पावलं टाकतील. तर ते हळूहळू, एक हात भिंतीला धरून, शेजारच्या फाटकाशी जाऊन थांबले. मी मशीनवरचा पाय उचलला. खिडकी उघडीच होती.

सर आत खुर्चीवर पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली केला.

“सर.”

“या अण्णा.”

“येत न्हाई. उभाच बराय.” अण्णांनी काठी फाटकाला टेकवली. “तुमी हल्ली काय टाकत न्हाई.”

“सुचत नाही काही.”

“हूं.”

अण्णांनी एकदा मागं वळून स्वतःच्या घराकडं बघितलं. गौराक्का आत होती, भांड्यांचा आवाज येत होता. मग फाटकावरून थोडं पुढं वाकले आणि आवाज बारीक केला, पण मला ऐकू आला.

“उद्या आमच्यात हुग्गी करा म्हणलं मी. गव्हाची खीर, आमची. गूळ-तूप घालून. तर गौरी न्हाईच म्हणती. तूप लई लागतंय, आत्ताच पोट शिवून आणलंय, म्हणती.”

“बरोबर आहे वहिनींचं,” सर म्हणाले.

“ते असू दे.”

सरांनी पेपराची घडी घातली. नीट, कडेला कड लावून. मग खिशातून फोन काढला.

“गव्हावर टाकू, का तुपावर?”

“दोनीवर टाका की.”

“कडक टाकू?”

अण्णांनी फाटकाची कडी धरून जरा विचार केला.

“दोन वाट्या जातील, एवढं टाका.”